मागच्या अंगणातलं तळं

या खेपेला लेकीकडे आलो तेव्हा तिच्या घरामागच्या अंगणात भलामोठा खड्डा होता. विमानतळावरून येताना जावई एवढंच म्हणाले होते, "बाबा, मागे जरा पसारा आहे हं." पसारा म्हणजे पंधरा फूट रुंद, तीस फूट लांब आणि एका टोकाला साडेपाच फूट खोल असा पोहण्याचा तलाव, अर्धामुर्धा बांधलेला. पुण्याहून धाकट्या बहिणीचा फोन आला तर ती म्हणते, "अरे, अंगणात तुळस लावतात, तुम्ही तळं कसलं खोदताय?" तिला म्हटलं, मी खोदत नाहीये, मी फक्त काठावर खुर्ची टाकून बसलोय. निवृत्त माणसाला दुसऱ्याचं बांधकाम बघण्यासारखं सुख नाही.

तर मंडळी, गेले दोन महिने मी काय काय बघितलं ते सांगतो. सुरुवात तळ्यापासून करतो, पण मजकूर कुठल्या कुठे जाणार आहे, आधीच सांगून ठेवतो. पस्तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा करू नका.

मी आलो तोवर खोदकाम, लोखंडी सळयांची जाळी आणि काँक्रीटचं कवच झालेलं होतं. हे काँक्रीट आपल्यासारखं घमेल्याने ओतत नाहीत. कोरडी वाळू आणि सिमेंट हवेच्या दाबाने नळीतून ढकलतात, नळीच्या तोंडाशी त्यात पाणी मिसळतं आणि ते पिचकारीसारखं सळयांवर मारतात. त्याला 'गनाइट' म्हणतात. हे यंत्र कुणी काढलं असेल? एखाद्या इंजिनिअरने? छे! कार्ल एकली नावाच्या, मेलेल्या जनावरांत पेंढा भरणाऱ्या माणसाने. शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये तो हत्ती वगैरे उभे करायचा. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनासाठी घाईघाईने उभारलेल्या इमारतीत ते संग्रहालय होतं आणि तिच्या बाहेरच्या गिलाव्याचे पोपडे पडत होते. तो गिलावा झटपट करायला एकलीने १९०७ च्या सुमारास ही सिमेंटची बंदूक बनवली, १९११ साली तिचं पेटंट घेतलं. हत्ती बनवता बनवता या गृहस्थाने निम्म्या अमेरिकेच्या परसातले तलाव शक्य करून ठेवले. वर्गात सांगायला किती छान गोष्ट होती ही, आणि मला कळली निवृत्तीनंतर!

गनाइटमुळे तलावाला हवा तो आकार देता येऊ लागला. इथेच कॅलिफोर्नियात, सोनोमामध्ये, टॉमस चर्च नावाच्या बागरचनाकाराने १९४८ साली मूत्रपिंडाच्या आकाराचा एक तलाव बांधला आणि पुढे तसल्या आकारांची साथच आली. आमचा आपला सरळ आयताकृती आहे. लेक म्हणते, साफ करायला सोपा.

शेवटचं काम गिलाव्याचं. पांढरं सिमेंट आणि संगमरवराची भुकटी. सकाळी सहाला माणसं आली, सगळी मेक्सिकन वंशाची. ओल्या गिलाव्यावर पावलं उठू नयेत म्हणून बुटांखाली खिळ्यांचे पट्टे बांधून ती आत उतरली आणि थाप्या फिरवायला लागली. त्यांच्या हाताला असा वेग, की आपल्याकडच्या जुन्या गवंड्यांची आठवण झाली. दुपारपर्यंत सारं उरकलं आणि त्यांच्या मुकादमाने बागेच्या नळीच्या तोंडाला फडकं बांधून ती तळाशी सोडली. मग माझ्याकडे बघून, बोट वर करून, सावकाश इंग्रजीत बजावलं की तलाव काठोकाठ भरेपर्यंत पाणी थांबवायचं नाही. मध्ये थांबलं तर जिथवर पाणी आलंय तिथे गिलाव्यावर रेघ उमटते आणि ती जन्माची राहते.

त्या नळीवर राखणीला मी बसलो. पंधरा हजार गॅलन, म्हणजे साधारण सत्तावन्न हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे जवळजवळ सहा टँकर! भरायला अठ्ठावीस तास लागले. माझं बालपण सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी भागात गेलं. पिण्याच्या पाण्यासारखं पाणी रात्रभर एका खड्ड्यात पडताना ऐकत बसणं मला सोपं गेलं नाही. लेकीला तसं म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, हे एकदाच. नंतर उडेल तेवढंच घालायचं." असेल.

पाणी भरलं की संपलं, असं मला वाटलं होतं. खरं काम तिथून सुरू होतं. नव्या गिलाव्यातला चुना पाण्यात उतरत राहतो. पांढरी भुकटी भिंतींवर बसते, ती दिवसातून दोनदा लांब दांड्याच्या ब्रशने घासून काढायची, गाळणयंत्र चालू ठेवायचं, पाणी खेचणाऱ्या तोंडाशी असलेल्या टोपलीतली पानं काढायची. पहिले अठ्ठावीस दिवस पाणी तापवायचं यंत्र लावायचं नाही आणि ज्या मिठापासून यंत्र क्लोरीन करतं ते मीठही घालायचं नाही. आणि रोज पाण्याचा पीएच बघायचा. छोट्या नळीत तलावाचं पाणी घेऊन लाल औषधाचे पाच थेंब टाकले की रंग येतो. पिवळट आला तर आम्ल जास्त, गर्द गुलाबी आला तर अल्क जास्त. तो ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवायचा. चुन्यामुळे तो सारखा वर चढतो आणि खाली आणायला त्यात म्युरिॲटिक ॲसिड घालतात. नाव भारदस्त, पण ते आपलं हायड्रोक्लोरिक ॲसिड, फरशा धुवायला आणतात तेच. बादलीत आधी तलावाचं पाणी घ्यायचं, मग त्यात ॲसिड सोडायचं, उलट कधीही नाही. हातमोजे, चष्मा, आणि वाऱ्याकडे पाठ. मग काठाने चालत चालत हळूहळू ओतायचं.

हे काम मी मागून घेतलं. संध्याकाळी सहा वाजता बादली घेऊन मी तळ्याला प्रदक्षिणा घालतो, असं नातू आपल्या मित्रांना सांगतो म्हणे.

तर अशाच एका संध्याकाळी तो त्याचा लॅपटॉप घेऊन बाहेर आला. अकरावीत आहे, अमेरिकेचा इतिहास शिकतोय. "आजोबा, हे बघा. तुम्ही ओतता तेच ॲसिड आहे हे."

पडद्यावर जुना कृष्णधवल फोटो होता. एका हॉटेलचा पोहण्याचा तलाव. पाण्यात काही तरुण मुलंमुली, काळी आणि गोरी, एकीचं तोंड किंचाळताना उघडं राहिलेलं. काठावर कोट घातलेला एक माणूस वाकून मोठ्या बाटलीतून पाण्यात काहीतरी ओततोय.

फ्लोरिडामधलं सेंट ऑगस्टिन गाव, मॉन्सन मोटर लॉज, १८ जून १९६४. हॉटेल फक्त गोऱ्यांसाठी होतं. आठवड्यापूर्वीच मार्टिन ल्यूथर किंगना त्याच्या पायऱ्यांवर अटक झाली होती. त्या दिवशी खोली भाड्याने घेतलेल्या गोऱ्या पाहुण्यांनी काळ्या सोबत्यांना आपले पाहुणे म्हणून तलावात बोलावलं. व्यवस्थापक जेम्स ब्रॉक आतून म्युरिॲटिक ॲसिडची बाटली घेऊन आला आणि ओतायला लागला. शेवटी एक पोलीस कपड्यांनिशी पाण्यात उतरला आणि सगळ्यांना पकडून नेलं. एवढ्या पाण्यात एक-दोन बाटल्या ॲसिडने कातडीला काही होत नाही, हे आता मला माहीत आहे. मीच ओततो ना रोज! त्या तलावातल्या एकालाही ते माहीत होतं, आणि बाकीच्यांची भीती जावी म्हणून त्याने ते पाणी तोंडात घेऊन दाखवलं असं सांगतात. तो फोटो जगभर छापला गेला. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, अमेरिकेच्या सिनेटने नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं आणि २ जुलैला अध्यक्ष जॉन्सन यांची सही होऊन तो कायदा झाला. ते हॉटेल २००३ साली पाडलं, पायऱ्या तेवढ्या ठेवल्या आहेत.

मग नातवाने आणि मी मिळून पुढचे आठ दिवस वाचन केलं. जेफ विल्ट्से नावाच्या इतिहासकाराचं २००७ सालचं एक पुस्तक आहे, त्याने सार्वजनिक तलावांचाच इतिहास लिहिलाय. त्यातून कळलं, की विसाव्या शतकाच्या पहिल्या तीसचाळीस वर्षांत अमेरिकेतल्या नगरपालिकांनी प्रचंड मोठे तलाव बांधले, काहींत हजारो माणसं मावतील असे. १९२० च्या सुमारापासून स्त्रीपुरुष एकत्र पोहायला लागले, आणि नेमकी तिथूनच उत्तरेकडच्या शहरांतही काळ्या माणसांना आत येऊ न देण्याची सक्ती वाढली. सेंट लुइसचा फेअरग्राउंड पार्क तलाव २१ जून १९४९ ला सगळ्यांना खुला केला, तर त्याच दिवशी मोठी दंगल उसळली. नंतर कोर्टाने तो खुला करायला लावला, तेव्हा गोरे लोक यायचेच बंद झाले. अलाबामामधल्या माँटगोमेरी शहराने तर १९५९ साली आपल्या बागाच बंद केल्या. मिसिसिपीतल्या जॅक्सनचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सर्वांना पोहू देण्यापेक्षा तलावच बंद करायचा, तर शहराला तशी मुभा आहे, असा निकाल १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी लागला.

ही झाली दक्षिणेची आणि पूर्वेची कथा. आम्ही आहोत तिथून गाडीने अर्ध्या तासावर पासाडेना आहे. तिथला ब्रुकसाइड प्लंज नावाचा तलाव १९१४ साली सुरू झाला. गोरे सोडून बाकीच्यांना, म्हणजे काळे, मेक्सिकन, जपानी अशा सर्वांना, आठवड्यातून एक दिवस. पुढे त्याला गोंडस नाव दिलं, 'आंतरराष्ट्रीय दिवस'. तो दिवस संपला की तलाव रिकामा करायचा, आणि नव्या पाण्यात पुन्हा गोरे. बेसबॉलचा जॅकी रॉबिन्सन याच गावात वाढलेला. कोर्टकचेऱ्या होऊन हा तलाव १९४७ साली सर्वांना खुला झाला. त्याच वर्षी रॉबिन्सन मोठ्या बेसबॉल संघातून खेळायला उतरला. जवळच्याच सान बर्नार्डिनोत मेक्सिकन लोकांना बागेत आणि तलावात मज्जाव होता, तो १९४४ साली संघराज्याच्या कोर्टाने बेकायदा ठरवला. खिळ्यांचे बूट घालून आमच्या तलावाला गिलावा करणाऱ्या माणसांचे आजोबा त्या काळात कुठे पोहत असतील, असा विचार मनात आला. विचारायला भाषा नव्हती, आणि खरं तर धीरही नव्हता.

विल्ट्से असं मांडतो, की सार्वजनिक तलाव सर्वांना खुले झाले तसतसे गोरे लोक खासगी क्लबांकडे आणि आपापल्या परसाकडे वळले. त्याच्या पुस्तकात आकडा आहे : १९५० साली परसात असा जमिनीतला तलाव असलेली अवघी अडीच हजार कुटुंबं होती, १९९९ साली चाळीस लाख.

जेवताना हे मी जावयांना सांगितलं. ते जरा दुखावले. "बाबा, गनाइट स्वस्त झालं, लोकांचे पगार वाढले, उपनगरांत मोठे प्लॉट मिळायला लागले. सगळे काही द्वेषापोटी तलाव बांधत नाहीत. आम्ही तर मुलांसाठी बांधला." बरोबर आहे त्यांचं. कारणं कधीच एकटी नसतात, हे मीच आयुष्यभर शिकवलं. नातू मात्र म्हणाला, "पण आजोबा, पाणी का बदलायचे? पाणी तर क्लोरीनचं असायचं ना? मग त्यांना काय लागत होतं पाण्याला?"

इथे मी गप्प बसलो, कारण या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते अमेरिकेतलं नव्हतं.

महाड तुम्हा सर्वांना माहीत आहे. १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळ्यापुरतं तेच ठरवलं, आणि कागदावरच राहिलं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. त्यानंतर सवर्णांनी तळं 'शुद्ध' केलं : १०८ घागरी पाणी उपसलं, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही अशा पंचगव्याच्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात ओतल्या. कोर्टातला दावा १९३७ पर्यंत चालला आणि उच्च न्यायालयात आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला.

हे मी दरवर्षी शिकवलं. एक तास, फार तर दीड. सनावळ्या फळ्यावर, प्रश्न घरी. १०८ घागरींचा आकडा सांगताना वर्ग हसायचा आणि मीही हसायचो. पण एक गोष्ट एकाही वर्षी सांगितली नाही. घरातही नाही. लेकीलाही ती इथे, या वयात, त्या रात्री पहिल्यांदा कळली.

आमच्या मळ्यात मोटेची विहीर होती. गावातली पोरं तिथेच पोहायला शिकली. आधी पाठीला भोपळा, मग डबा, मग नुसतं कंबरेला दोर बांधून काका आत ढकलून द्यायचे. उन्हाळ्यात दिवसभर मुटके मारणं चालायचं. माझ्या वर्गातला एक मुलगा रोज यायचा आणि लांब, धावेच्या कडेला आंब्याखाली बसून बघायचा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. शाळेत माझ्या शेजारच्या रांगेत, गणितात माझ्या पुढे. १९६० किंवा ६१ चा वैशाख असेल, मी दहाएक वर्षांचा होतो. एका दुपारी विहिरीवर आम्ही दोघंच होतो. मीच त्याला म्हटलं, "ये की, कोण बघतंय?" त्याने अंगातली कोपरी काढून घडी करून आंब्याखाली ठेवली आणि मुटका मारला. पोहता त्याला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, नदीवर शिकला असणार.

कुणीतरी बघितलंच. संध्याकाळी त्याचा बाप आमच्या वाड्यासमोर हात जोडून उभा होता. काय बोलणं झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, पण तो बराच वेळ वाकलेला होता. दुसऱ्या दिवशी दोन मोटा जुंपल्या. दोन दिवस विहीर उपसली. ते सगळं पाणी थारोळ्यातून पाटाने उसाला गेलं. ऊस बाटला नाही, त्याचा गूळही बाटला नाही, हे मला पुढे कधीतरी सुचलं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला होता, पण आमच्या गावात तो कुणी वाचलेला नव्हता.

विहिरीत नवं पाणी फुटलं तेव्हा आजोबांनी मला बोलावलं. माझ्या हातात तांब्या दिला, गोमूत्राचा. "तू बोलावलंस ना त्याला? मग तूच ओत." मी पायऱ्या उतरून गेलो आणि ओतलं. हात थरथरले वगैरे काही नाही. खरं सांगायचं तर आपल्याला मार पडला नाही, एवढ्यावर सुटलो, याचाच आनंद झाला होता. तो मुलगा पुन्हा आंब्याखाली कधी बसला नाही. शाळेतही माझ्याशी बोलायचा तो गणितापुरतं.

त्याला बोलावलं मी आणि हात जोडायला लागले त्याच्या बापाला. सेंट ऑगस्टिनच्या त्या व्यवस्थापकाच्या फोटोकडे मी इतका वेळ का बघत बसलो, हे नातवाला तेव्हा कळलं.

नातू काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही दहा वर्षांचे होतात." मी म्हटलं, हो, पण पंचविसाव्या वर्षी शिक्षक झालो, तेव्हा दहा वर्षांचा नव्हतो.

परवाच्या रविवारी आम्ही पासाडेनाला जाऊन आलो. ब्रुकसाइड पार्कमध्ये आता रोझ बाउल ॲक्वाटिक्स सेंटर आहे, मोठाले निळे तलाव. सगळ्या रंगांची पोरं उड्या मारत होती, एक आजी काठावर पाय सोडून बसल्या होत्या. नातवाने फोटो काढले. मी कठड्याला टेकून थोडा वेळ उभा राहिलो आणि मग उन्हाने डोकं दुखायला लागलं, परत आलो.

आमच्या तलावाचे अठ्ठावीस दिवस गेल्या आठवड्यात संपले. मुकादम शेवटचं बघायला आला, भिंतीवरून हात फिरवला, खूश झाला. लेकीने त्याला पोराबाळांना घेऊन यायला सांगितलंय. हो म्हणाला, पण हसून म्हणाला, तेव्हा येईल की नाही कोण जाणे. कुंपणाचं फाटक आपोआप बंद होत नाही ते अजून दुरुस्त करायचं राहिलंय. इथे पाच फुटी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक ठेवावं लागतं, नाहीतर तपासणीवाले तलाव मंजूर करत नाहीत. लहान मुलं बुडू नयेत म्हणून आहे, चांगलंच आहे.

गावी पुतण्याला फोन करून त्या माझ्या वर्गमित्राची चौकशी केली. मुंबईला असतो, कुर्ल्याला, मुलाकडे. काल पुतण्याने नंबर पाठवला. अजून फोन केलेला नाही. इथे दिवस असतो तेव्हा तिथे रात्र असते, असं मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, संध्याकाळी सहाला तिथे सकाळ झालेली असते." सहाला मी तळ्यावर असतो. आज पीएच ७.६ आला, ॲसिड घालावं लागलं नाही.